एल ७७: अकोल्याच्या एका गिटारची जन्मतारीख

मागच्या पावसाळ्यात अकोल्याहून माझ्या खालाजाद भावाचा फोन आला. सलाम-दुआ नीट व्हायच्या आतच तो म्हणाला, “भाई, अब्बा की गिटार चौसठ की निकली. फेंडर है.”

खालूंच्या इंतकालाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते दिवसा एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत फिटर आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटारवादक. कापसाचा हंगाम आणि लग्नसराई वऱ्हाडात जवळजवळ बरोबरच येते. त्यामुळे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हा माणूस झोपतो कधी, असा प्रश्न आम्हा मुलांना पडायचा. हजहून आल्यावर त्यांनी स्टेज सोडलं. गिटार मात्र विकली नाही आणि कुणाला दिलीही नाही. काळ्या पेटीत घालून कपाटावर ठेवली, ती तिथंच राहिली.

भावानं पाठवलेल्या फोटोत गिटारच्या पाठीवरची एक पोलादी पट्टी होती. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि पट्टीवर ठोकलेला क्रमांक. सुरुवातीला इंग्रजी ‘एल’ अक्षर, पुढे आकडे. त्यानं मोबाइलवर शोधलं तेव्हा तक्ता मिळाला: फेंडर कंपनीच्या ‘एल’ क्रमांकाच्या गिटारी १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंतच्या. त्यानं मधलं वर्ष धरलं. पुण्याच्या एका हौशी संग्राहकाशी बोलणंही झालं होतं. गिटार खरोखर चौसष्टची असेल तर तो द्यायला तयार असलेली रक्कम भावाच्या दुकानाच्या दोन वर्षांच्या गल्ल्याएवढी होती. भावाच्या मुलीला बी.फार्म.ला प्रवेश मिळाला होता आणि महिनाअखेरीला फी भरायची होती. खात्री करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. कारण मी जुने कागद चाळतो, मोडी आणि फारसी तारखा लावतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. “जो तारीख कागद की निकालता है, वो गिटार की भी निकालेगा,” असा सरळ हिशेब.

मला गिटार वाजवता येत नाही. जायच्या आधी आठवडाभर मी वाचत बसलो, आणि वाचता वाचता लक्षात आलं की हे काम आपल्याला अगदीच परकं नाही.

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास माणसाच्या एका आयुष्यात मावेल एवढाच आहे. त्यातलं मोठं नाव लिओ फेंडर. जन्म १९०९. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांनी १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं डोकं मात्र होतं, म्हणून त्यांनी गिटारही दुरुस्त करायला सोपी जाईल अशी बनवली. जुन्या गिटारींची मान धडाला सरसानं चिकटवलेली असे. फेंडरनं ती चार स्क्रूंनी जोडली. खराब झाली तर काढा, दुसरी बसवा. १९५० मध्ये ‘ब्रॉडकास्टर’ बाजारात आली. त्याच उच्चाराचं नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमला होतं, त्यांनी हरकत घेतली, म्हणून १९५१ मध्ये ती ‘टेलिकास्टर’ झाली. १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. तिच्या धडाला वर दोन शिंगं असतात. इलेक्ट्रिक गिटार म्हटल्यावर आज डोळ्यांसमोर येतो तो आकार हाच.

मानेचे ते चार स्क्रू लाकडात रुतू नयेत म्हणून मागून पोलादी पट्टी लावतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत फेंडरचा क्रमांक याच पट्टीवर असे. म्हणजे अख्ख्या वाद्यात जो भाग बदलायला सर्वांत सोपा, त्याच्यावरच वाद्याची ओळख. चार स्क्रू काढले की ओळख वेगळी, गिटार वेगळी. शिवाय कारखान्यात पट्ट्या आधीच ठोकून पेटीत टाकलेल्या असत. कामगाराच्या हाताला जी लागेल ती तो लावी. क्रमानं लावायची असा नियम नव्हता. त्यामुळे मोठ्या क्रमांकाची गिटार लहान क्रमांकाच्या गिटारपेक्षा आधीची निघते, असं सर्रास घडतं. वर आता तशाच दिसणाऱ्या नव्या पट्ट्याही बाजारात मिळतात.

म्हणून जाणकार पट्टीवर थांबत नाहीत, मान उतरवतात. मानेचा जो भाग धडाच्या खाचेत बसतो, त्याच्यावर फेंडरचे कामगार तारीख घालत. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीनं, नंतर रबरी शिक्क्यानं. शिक्का असा दिसे: ‘२ डिसें. ६३ बी’. पाहणारा म्हणतो, दोन डिसेंबर १९६३. पण ‘२’ ही तारीख नाही. तो मॉडेलचा सांकेतिक अंक आहे, दोन म्हणजे स्ट्रॅटोकास्टर. ‘बी’ म्हणजे मानेची रुंदी. तारीख म्हणून उरतात फक्त महिना आणि वर्ष.

तिसरा पुरावा आत दडलेला असतो. आवाज कमी-जास्त करणारा जो गोल भाग, ज्याला आपले रेडिओवाले व्हॉल्यूम कंट्रोल किंवा पॉट म्हणतात, त्याच्या पाठीवर अमेरिकी कारखानदारांचा संकेत ठोकलेला असतो. समजा लिहिलंय ३०४६३१२. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ असतं तर सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९६३ चा बारावा आठवडा. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची कितीही असू शकते. सीबीएसनं जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर विकत घेतली. त्यानंतर १९६६ मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा भरला गेला की पुढची कित्येक वर्षं गिटारींत सहासष्टचेच पॉट निघतात.

हे वाचताना मला मदरशातले उस्ताद आठवत होते. हदीस तपासताना नुसता मजकूर बघत नाहीत. तो कुणी कुणाकडून ऐकला ती साखळी बघतात, आणि त्या साखळीतली दोन माणसं आयुष्यात एकमेकांना भेटणं शक्य होतं का, हेही विचारतात. जुन्या गिटारचा पारखी नेमकं तेच करतो. ही पट्टी, ही मान आणि हे पॉट कारखान्यात एकाच टेबलावर भेटले असतील का?

फेंडरची मोठी प्रतिस्पर्धी म्हणजे मिशिगनमधल्या कालामाझूची गिब्सन. तिची तऱ्हा आणखी वेगळी. १९५३ ते १९६० या काळात तिच्या भरीव धडाच्या गिटारींवर शाईनं क्रमांक असे आणि त्याचा पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. नऊनं सुरू झाला की १९५९. इतकं सोपं. मग १९६० च्या दशकात क्रमांक लाकडात ठोकायला लागले आणि तेच तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले गेले. एकाच क्रमांकाच्या दोन-तीन गिटारी, मध्ये काही वर्षांचं अंतर. शेवटी १९७७ मध्ये आठ अंकी पद्धत आली. पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८२७८९ नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे १९८९ चा २७८ वा दिवस, ५ ऑक्टोबर. पण हे माहीत नसलेला माणूस ‘८२’ बघून खुशाल १९८२ म्हणेल.

एवढी तयारी करून मी अमरावतीहून निघालो. बडनेऱ्याला गाडी पकडली. मूर्तिजापूर मागे गेल्यावर भावाचा फोटो पुन्हा काढला आणि पहिल्यांदा शांतपणे आकडे मोजले. फेंडरच्या एल मालिकेत अक्षरापुढे पाच अंक असतात. फोटोत सहा होते. सुरुवात ७७ नं.

घरी पोचलो तेव्हा भावानं एका जुन्या रेडिओ मेकॅनिकला बोलावून ठेवलं होतं. गिटार दिवाणावर उताणी. रंग तपकिरी, कडेला काळपट होत गेलेला. आकार स्ट्रॅटोकास्टरचाच, दोन शिंगं आणि तीन पिकअप. डोक्यावर जिथं कंपनीचं नाव असतं, तिथं काहीच नव्हतं. एका कार्यक्रमात स्टँड पडून डोकं तडकलं होतं, तेव्हा सुतारानं ते जोडलं, घासून काढलं आणि वरून पॉलिश मारलं. त्यात नाव गेलं. हे खालानं आतून ओरडून सांगितलं.

मेकॅनिकनं तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले आणि मान अलगद उचलली. आतल्या टोकाला ना पेन्सिल ना शिक्का. पुढची पांढरी प्लेट उघडली. पॉट लहान आकाराचे, पाठीवर ३०४ नाही, १३७ नाही. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “ये अमरिकी माल नहीं है. जपानी लगता है.” आयुष्यभर ट्रान्झिस्टर उघडलेल्या माणसाची नजर होती ती.

मी ज्या गोष्टीचा अंदाज गाडीत बांधला होता, तिच्यावर त्यानं शिक्का मारला. १९७५ च्या सुमारास जपानच्या आयबानेझ गिटारींवर क्रमांक घालायला सुरुवात झाली. त्यात पहिलं अक्षर म्हणजे महिना. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत बारावं अक्षर एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन अंक वर्षाचे. शेवटचे चार त्या महिन्यातला अनुक्रम. पट्टी खोटी नव्हती आणि बदललेलीही नव्हती. ती पहिल्या दिवसापासून स्वच्छ सांगत होती: डिसेंबर १९७७. आपण ती दुसऱ्याच कारखान्याच्या तक्त्यात घालून वाचत होतो.

भाऊ काही बोलला नाही. मान हातात घेऊन बसून राहिला.

तेवढ्यात खाला चहा घेऊन आली. काय चाललंय ते तिनं विचारलं आणि ‘चौसठ’ ऐकून हसायलाच लागली. “चौसठ? चौसठ में तो मेरा निकाह भी नहीं हुआ था. ये गिटार मुन्नी के अकीके के बाद आई. मेरे कंगन गए थे इसमें.” मुन्नीचा जन्म १९७८ च्या अखेरीचा, दाखला घरातच आहे. मग खालानं ट्रंकेतून एक फोटो काढला. लग्नाचा मांडव, मागे दिव्यांच्या माळा, कॉलर मोठी असलेल्या शर्टात खालू आणि गळ्यात हीच गिटार. फोटोच्या मागे उर्दूत लिहिलेलं: रज्जब १४००. म्हणजे मे-जून १९८०. एका बाजूला डिसेंबर १९७७, दुसऱ्या बाजूला १९८० चा उन्हाळा आणि मध्ये अकीका. गिटार मुंबईहून अकोल्याला कधी आली, हे साधारण दीड वर्षाच्या आत बसलं. त्यासाठी फक्त खालाला विचारायचं होतं. आठवडाभर आम्ही दोघं मोबाइल आणि पुस्तकं धुंडाळत होतो, आणि साक्षीदार स्वयंपाकघरात होती.

रज्जब १४०० वाचताना मात्र भावानंच एक प्रश्न केला, तो मला आवडला. “कुणाला हिजरी माहीतच नसेल तर तो याला सन १४०० समजेल ना?” समजतात. मी असे लोक पाहिलेत. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर महाकाली दरवाजा आहे. त्याच्यावरच्या शिलालेखानुसार तो बहामनी सुलतान शहाबुद्दीन महमूदच्या काळात फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कनं बांधला. वर्ष हिजरी ८९२, म्हणजे इसवी १४८७. फिरायला आलेल्या मंडळींपैकी एकानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं की हा दरवाजा आठशे ब्याण्णव सालचा, म्हणजे बहामनींच्याही कितीतरी आधीचा. आकडा त्यानं बरोबरच ऐकला होता.

आपल्या मुलखात तर एका टेबलावर चार-चार कालगणना असत. मराठी दफ्तरं उघडली की शुहूर सन येतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत: खमस सबैन मया व अलफ. पाच, सत्तर, शंभर आणि हजार. मिळून ११७५. हा सन मृग नक्षत्राला सुरू होतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी १७७४-७५ येतं. पुण्याच्या पेशव्यांच्या कचेरीत बसलेला ब्राह्मण कारकून रोज अरबी आकड्यांत तारीख घालत होता. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि वाचणाऱ्यालाही नाही. महसुलाच्या कागदांत फसली सन. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवले की इसवीच्या जवळ पोचतो. मशिदीवर, कबरीवर हिजरी. पंचांगात शक. माणसं या सगळ्यांत राहत होती आणि चुकत नव्हती. कारण समोरचा कागद कुणाच्या दफ्तरातला आहे, हे आधी ठाऊक असे.

नाण्यांवर तर दोन-दोन तारखा. औरंगजेबाच्या काळात आपल्या एलिचपूरच्या, आजच्या अचलपूरच्या, टांकसाळीत रुपये पडत. मुघल रुपयाच्या एका बाजूला हिजरी वर्ष, दुसऱ्या बाजूला जुलूस, म्हणजे बादशहा तख्तावर बसल्यापासूनचं वर्ष. पहिल्या वर्षी एकचा आकडा न घालता ‘अहद’ हा शब्द. औरंगजेबाच्या रुपयावर हिजरी ११०० असेल तर जुलूस ३२ किंवा ३३ पाहिजे. दोन्ही जुळले की नाणं सरळ. ११०० सोबत ४० दिसलं तर साच्यात गडबड आहे किंवा नाण्यात. पट्टी आणि मानेचा शिक्का यांची जोडी लावणं म्हणजे हेच.

आणि आकडा मुद्दाम गोठवल्याचंही उदाहरण याच नाण्यांत आहे. जुन्या वर्षाचा रुपया सराफ पूर्ण भावानं घेत नसत, बट्टा कापत. ही कटकट मिटवायला ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालच्या सिक्का रुपयावर शाह आलमचं १९ वं जुलूस वर्ष कायमचं करून टाकलं. दरवर्षी तेच वर्ष. सगळेच रुपये एकोणीसचे, मग जुना कोणता आणि नवा कोणता, बट्टा कशावर घ्यायचा? शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी १८३५ मध्ये नवी नाणी येईपर्यंत कंपनी त्याचं एकोणिसावं वर्ष छापतच राहिली. त्या रुपयावर विश्वास ठेवून तारीख लावणारा माणूस तीस-चाळीस वर्षांनी सहज चुकतो. आकड्यामागे बाजार असतो, हे तेव्हाही खरं होतं.

गिटारच्या बाजाराचंही तसंच. आयबानेझ हे नाव मुळात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या साल्वादोर इबान्येझ या गिटार बनवणाऱ्याचं. जपानच्या नागोया शहरातली होशिनो गाक्की कंपनी ते वापरू लागली. गिटारी बनत मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात. १९७० च्या दशकात तिथून फेंडर आणि गिब्सनच्या हुबेहूब नकला निघत, आणि त्या इतक्या चांगल्या निघू लागल्या की अमेरिकी कंपन्यांना घाम फुटला. १९७७ मध्येच गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिनं गिटारच्या डोक्याच्या आकारावरून अमेरिकेच्या कोर्टात दावा लावला. तो पुढे आपसात मिटला. यातली खरी गंमत नंतरची. १९८२ मध्ये फेंडरनं स्वतःच्या नावाच्या गिटारी जपानमध्ये बनवायचं ठरवलं, तेव्हा काम दिलं ते याच फुजीगेनला. आज त्या जपानी फेंडरही संग्राहक हौसेनं शोधतात आणि त्यांचे ‘जेव्ही’नं सुरू होणारे क्रमांक तपासतात. कालपर्यंत नकलाकार म्हणून हिणवलेल्या कारागिरांनाच अस्सल नाव लावायचा परवाना मिळाला.

खालूंच्या काळात आपल्याकडे अस्सल फेंडर मिळणं म्हणजे स्वप्नच. परवाने, आयात कर आणि वर परकीय चलनाची टंचाई. बहुतेकांच्या हातात कोलकात्याच्या गिव्हसन असत, आणि त्या नावातच गिब्सनची ओढ ऐकू येते. १९७१ मध्ये ‘दम मारो दम’ आलं आणि त्यातल्या भूपिंदर सिंग यांच्या गिटारनं गावोगावच्या ऑर्केस्ट्रांचा नूर पालटला. अ‍ॅकॉर्डियन आणि क्लॅरिनेट जरा मागे सरकले. उरूस असो, गणपती असो, मारवाड्याचं लग्न असो की आमच्याकडचा वलीमा, पब्लिकला तो आवाज हवा असे. खालूंनी तो आवाज आणण्यासाठी खालाच्या बांगड्या मोडल्या. एका फिटरनं डिसेंबर ७७ ची जपानी गिटार मुंबईतून आणली, हीच माझ्या मते चौसष्टच्या फेंडरपेक्षा मोठी बातमी आहे. त्या काळच्या वऱ्हाडी मुसलमान कलाकारांबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. त्यांच्या वाद्यांवर क्रमांक होते, त्यांच्यावर नव्हते.

पण हे सगळं मी बोलणार तरी कुणाला? समोर भाऊ बसला होता आणि त्याला महिनाअखेरची फी दिसत होती. मेकॅनिक गेल्यावर तो हळूच म्हणाला, “भाई, तो पुण्याचा माणूस फोटोवरच घेतोय. त्यानं आकडे मोजले नाहीत. आपण कशाला मोजून द्यायचे?”

खरं सांगतो, मी लगेच उत्तर दिलं नाही. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होता आणि घेणारा पैसेवाला होता. चूक त्याचीच होती. त्यानं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही, यात खोटं कुठे आहे?

खालानं ऐकलं असावं. ती बाहेर आली आणि लहानपणी आम्हाला सांगायची तीच गोष्ट पुन्हा सांगितली. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात. वर कोरडं, आत ओलं. व्यापारी म्हणतो, पावसानं भिजलं. पैगंबर विचारतात, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसेल असं? “उसने भी किसी से झूठ नहीं बोला था,” खाला म्हणाली. “सिर्फ सूखा ऊपर रखा था.”

भावानं त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावला. क्रमांक सहा अंकी आहे, गिटार जपानी आहे, डोकं तडकून जोडलेलं आहे, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या गृहस्थांनी आधीच्या रकमेच्या सहाव्या हिश्शाएवढी किंमत सांगितली. वर म्हणाले, “सत्त्याहत्तरची आयबानेझ, एका मालकाची, आणि त्याचा फोटोसुद्धा आहे? मग मला हवीच.” फीची निम्मी रक्कम त्यातून निघाली. उरलेली आम्ही सगळ्यांनी मिळून उभी केली. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

गिटार देण्याच्या आदल्या रात्री आम्ही एक कागद लिहिला, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. डिसेंबर १९७७, मात्सुमोतो, जपान. मुन्नीच्या अकीक्यानंतर, १९७९ च्या सुमारास, मुंबईहून अकोल्याला. बांगड्या कुणाच्या, ते. डोकं कधी तडकलं, कुणी जोडलं. अकोला, बाळापूर, अकोट, अमरावती, जिथं जिथं वाजली त्या गावांची नावं खालाला आठवतील तशी. शेवटी खालूंचं पूर्ण नाव आणि हुद्दा. भावानं ‘गिटारिस्ट’ लिहिलं. खाला म्हणाली, फिटर पण लिही. दोन्ही लिहिलं. लग्नाच्या त्या फोटोची प्रत आणि तो कागद पेटीच्या अस्तराखाली सारून आम्ही पेटी बंद केली.